जाळीआडचं कीर्तन

रिटा टीचरनी कन्फेशन बॉक्सचं दार बाहेरून ओढून घेतलं, थोडं मागं जाऊन निरखून पाहिलं, पुन्हा पुढं आल्या आणि लाकडी जाळीला तोंड लावून म्हणाल्या,

"ओढणी दिसतेय. आत घे."

आत, पापांची कबुली ऐकायच्या फादरांच्या खुर्चीवर बसलेल्या एलिसानं ओढणी मांडीखाली दाबली. गुडघे दाराला टेकत होते. समोर माईकचा छोटा स्टँड होता आणि त्याची वायर दाराखालच्या फटीतून बाहेर गेली होती.

"आता गा."

एलिसानं घसा खाकरला. ते खाकरणं वेदीजवळच्या दोन्ही स्पीकरमधून चर्चभर घुमलं.

"शाब्बास! उद्या असंच कर. लोकांना वाटेल, टीचरला टीबी झालाय."

मिक्सरपाशी उभा असलेला आग्नेल हसला. तो सातिवलीच्या एका युनिटमध्ये कामाला होता. गावातल्या सणांचं साउंड त्याच्याकडंच असायचं, म्हणून आज अर्धी रजा टाकून आला होता.

एलिसा गायला लागली. आवाज तिच्याजवळ थांबलाच नाही. वायरीतून गेला आणि पार पुढं वेदीच्या पायरीपाशी उतरला. टीचर तोवर तिथं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात झांजा, मान किंचित वर. एलिसाच्या शब्दाशब्दावर त्यांचे ओठ हलले. सूर वर चढला तसे त्यांचे डोळे मिटले आणि डावा हात छातीशी गेला. जाळीच्या भोकांतून एलिसा बघत होती. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून निघताना कसा दिसतो, ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तो टीचरना शोभत होता.

बाकावर जपमाळ घेऊन बसलेली, कमी ऐकू येणारी एक म्हातारी उठली, जाळीपाशी आली आणि गुडघे टेकून म्हणाली, "फादर, आज लवकर बसलात?"

"फादर नाहीत ते, बाय!" टीचर पायरीवरूनच ओरडल्या. "माईक टेस्टिंग चाललंय. तुझी पापं रविवारी आण."

म्हातारी गुडघे चोळत उठली. आग्नेल पुन्हा हसला. एलिसा मधेच थांबली होती. टीचरनी झांज एकदा आपटली.

"तुला कुणी थांबायला सांगितलं?"

*

या गावात सणाच्या आदल्या संध्याकाळी ख्रिस्ती कीर्तन व्हायचं. मिस्साच्या उपासनेतलं प्रवचन लांबलं की लोक घड्याळाकडं बघतात, कीर्तनात कुणी बघत नाही, असं फादर निकोलस स्वतःच म्हणत. आधी पूर्वरंग. त्यात शुभवर्तमानातलं एक वचन घ्यायचं आणि सुपातल्या तांदळासारखं पाखडत न्यायचं. मग मध्यंतर, हार. मग उत्तररंग, त्यात एखाद्या संताचं आख्यान. पेटीवर आलोशियसकाका, तबल्यावर जॅक्सन आणि मध्ये उभ्या रिटा टीचर, पांढऱ्या साडीत, गळ्यात चांदीचा क्रूस. त्या उभ्या राहिल्या की मागच्या बाकावरचे बापयेसुद्धा मोबाइल खिशात टाकत. त्यांच्या कीर्तनात रडलेल्या बायका आता आज्या झाल्या होत्या.

गेल्या सणाला त्यांचा आवाज फाटला. वर चढताना मधेच चिरकला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि पुन्हा चिरकला. लोकांनी माना खाली घातल्या. कीर्तन संपल्यावर चहाच्या वेळी सगळे त्यांच्याशी वांग्यांच्या भावाबद्दल बोलले, कीर्तनाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. टीचर कप अर्धा टाकून घरी गेल्या.

नाताळात त्या एलिसाच्या घरी आल्या होत्या. आईसमोर, केक खाता खाता म्हणाल्या, "अँजेला, यंदाचा उत्तररंग तुझी लेक उभी राहून करील."

अँजेलानं बशी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. नवरा गेल्यापासून तिनं केळीची वाडी एकटीनं सांभाळली होती. टीचरनी एलिसाला लहानपणापासून एक पैसा न घेता शिकवलं, हे ती सगळ्यांना सांगायची. टीचर शिकवताना काय बोलतात ते मात्र ती सांगायची नाही. 'वाळवलेलं सुकेळं अडकलंय का गळ्यात?' हे रोजचं होतं. एलिसानं सूर नीट लावला की टीचर आलोशियसकाकांकडं वळून म्हणायच्या, 'पेटी आज बरी लागली.' एलिसा विरारच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची. संध्याकाळी बसमधून उतरली की घरी न जाता थेट टीचरच्या ओट्यावर.

एलिसा उभी राहणार, ही बातमी अँजेलानं वाडीत सांगितली, बाजारात सांगितली, आगाशीच्या नणंदेला फोन करून सांगितली. एलिसासाठी फिक्या आकाशी रंगाची साडी आणली, तिला फॉल लावून घेतला.

आणि सणाच्या आठवड्यात टीचरनी एलिसाला ओट्यावर बसवलं, भिजवलेल्या वालांची परात दोघींच्या मध्ये ठेवली आणि वाल सोलता सोलता सांगितलं,

"तू गायचंस. पण उभी मी राहणार."

एलिसाला आधी कळलंच नाही. "म्हणजे मी मागं, कोरसला?"

"कोरसला कशाला? तूच गायचंस. सगळी पदं. तू आत, मी बाहेर. बोलायला माझा माईक, पद सुरू झालं की आग्नेल माझा खाली करील, तुझा वर."

एलिसाच्या बोटांतला वाल निसटून परातीत पडला.

"लोकांना वाटेल तुम्हीच गाताय."

"वाटू दे."

"टीचर, मम्मीनं सगळ्यांना…"

"मम्मीला सांगायचं नाही. कुणालाच नाही." टीचरनी सोललेले दाणे पाण्यात सोडले. "आख्यान कुणाचं आहे यंदा? सांग."

"मठातल्या बहिणींचं."

"त्या कुठून गायच्या?"

टीचरनी वाट न बघता स्वतःच उत्तर दिलं.

"जाळीमागून. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या बायका. अख्खं गाव चर्चमध्ये बसून त्यांचा आवाज ऐकायचं, तोंड कुणाचं दिसायचं नाही. नाव कुणाला ठाऊक नसायचं. त्यांच्या आया यायच्या, जाळीबाहेर गुडघे टेकायच्या. एवढ्या आवाजांत आपल्या लेकीचा कुठला, तेही त्यांना कळायचं नाही. आणि त्या गायच्या. कुणासाठी?"

"देवासाठी."

"आणि तू कुणासाठी गाणारेस? आत्यासाठी? आकाशी साडीसाठी?"

एलिसाच्या डोळ्यांत पाणी आलं ते टीचरनी पाहिलं. परात तिच्याकडं सरकवली.

"रडायचं ते पुढच्या वर्षी रड. पुढच्या वर्षी तू उभी राहा, मी तुझ्या हातात झांजा देईन. यंदा मला एकदा नीट उतरू दे. तशीच गेले तर लोक काय लक्षात ठेवतील? तो चिरकलेला आवाज. एवढी वर्षं गायले ते नाही."

एलिसानं मान वर केली. टीचरच्या गळ्याची शीर उडत होती. तिला नाही म्हणता आलं नाही. फादर निकोलसना टीचरनी 'थोडा आधार लागेल' एवढंच सांगितलं. ते हसून म्हणाले होते, "देवाला सगळं दिसतं. लोकांना कशाला दाखवायचं?"

*

दुसऱ्या दिवशी चर्च लवकरच भरलं. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकाव्या लागल्या. एलिसा त्याआधीच आत जाऊन बसली होती. अंगात लॅबला जायचा ड्रेस. आकाशी साडी घरी कपाटाच्या दारावर लटकत होती. 'तिथंच जाऊन नेसते,' असं आईला सांगून ती साडी न घेताच निघाली होती, आणि आईच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बॉक्समध्ये लाकडाचा आणि मेणाचा वास होता. आतून कडी लावली तशी हवा आणखी कमी झाली.

आई आली. आगाशीची आत्या तिच्याबरोबर होती, आत्याच्या दोन सुना होत्या. पुढच्या बाकांवर जागा नव्हती, म्हणून त्या भिंतीकडच्या बाकावर बसल्या. कन्फेशन बॉक्सला लागून. आग्नेलनं वेदीजवळचे स्पीकर एवढे मोठे लावले होते की आतला आवाज शेजारीही त्यांत बुडून जावा. एलिसानं हात लांब केला असता आणि मध्ये जाळी नसती, तर आईच्या अंबाड्यातली अबोली हाताला लागली असती.

आई मान उंच करून पुढं बघत होती. आलोशियसकाका दिसले, जॅक्सन दिसला. मग वेदीमागच्या तयारीच्या खोलीच्या, सॅक्रिस्टीच्या, दाराकडं बघू लागली.

टीचर आल्या. क्रूसाची खूण केली, झांजा वाजवल्या आणि पूर्वरंगाला सुरुवात केली. बोलणं त्यांचं अजून लखलखीत होतं. वचन घेतलं होतं गव्हाच्या दाण्याचं, जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो ते. टीचर म्हणाल्या, "आपण भाताचे लोक. आपल्याला गहू कशाला? आवणात रोप लावताना विचारा त्याला, बाबा रे, खाली चिखल, वर पाणी, कसं वाटतं?" लोक हसले. आई हसली. मग पद आलं. आग्नेलचा हात मिक्सरवर सरकला.

एलिसानं डोळे मिटले आणि सूर लावला.

सगळं चर्च सावरून बसलं, ते तिला डोळे मिटूनही जाणवलं. गेल्या वर्षी खाली गेलेल्या माना वर येत होत्या. कुणीतरी हलकेच 'वा' म्हणालं. चाल वर चढली, थांबली, आणखी वर चढली. तिनं डोळे उघडले तेव्हा पायरीवर टीचर उभ्या होत्या, चेहऱ्यावर उजेड, ओठ अचूक. लोक त्यांच्याकडं बघत होते. एलिसाच्या बाजूला कुणीच बघत नव्हतं.

आणि तरी तिला बरं वाटलं. टीचरनी सांगितलेली ती बाई, नाव नसलेली, जाळीमागची, अशीच बसली असेल, असं तिच्या मनात आलं. एका पदापुरता तिचा राग विरघळला. ती टीचरसाठी गायली, अगदी मनापासून.

मध्यंतरात फादर निकोलसनी टीचरना हार घातला आणि माईक हातात घेतला. "या वयात हा आवाज! गेल्या वर्षी आपल्यातल्या काहींना शंका आली होती. देवानं उत्तर दिलंय." टाळ्या वाजल्या. टीचरनी मान लववली.

बाकावर आत्या आईकडं वळली.

"अँजेला, तुजी लेक कुठं हाय गं? चा वाटायला ठेवली का काय?"

"असंल आत," आई म्हणाली. "तयार होत असंल."

"आत? आता तर मी बगून आले, आत कोन बी नाय. आमी बस पकडून आलो, या सुनांना घेऊन आलो. म्हटलं, भावाची पोर उबी राहणार." आत्यानं सुनांकडं पाहिलं. "तू बी ना! टीचर काय बोलली आनि तू काय ऐकलंस."

सुना पदराआड हसल्या.

जाळीच्या आत एलिसानं श्वास धरला. आईची मान तिला मागून दिसत होती. आता आई काहीतरी म्हणेल. आवाज ऐकला का, म्हणेल. रोज पहाटे वाडीत पाणी सोडताना जो आवाज ती ऐकते, तो.

आईनं अबोलीचा गजरा चाचपला.

"मीच येडी," ती म्हणाली. "ताई, खरं सांगू? आता ऐकलंत ना टीचरना? तसं गायला देवाचं देणं लागतं. आमच्या पोरीच्या गळ्यात ते कुठलं? टीचर बिचाऱ्या बोलल्या मला बरं वाटावं म्हणून. आणि आयत्या वेळी गप बसवली असंल तिला. बरंच केलं. नायतर आज सगळ्या गावासमोर हसं झालं असतं."

"हां, ते बी खरं," आत्या म्हणाली. तिनं पिशवीतून खारे दाणे काढले आणि आईच्या हातावर ठेवले. आईनं ते खाल्ले.

*

उत्तररंग सुरू झाला.

"एका नदीकाठी बहिणींचा मठ होता," टीचर सांगू लागल्या. "त्या काळी पुरुष मठात गायचे ते ओंजळीएवढ्या सुरांत. इथं उठायचं, इथं बसायचं. आणि या मठाच्या मातेनं काय केलं? चाल बांधली ती माडावर चढली! खालून बघणाऱ्याची टोपी पडावी, एवढी वर! लोक म्हणाले, बाईमाणसानं एवढं वर जाऊ नये. ती म्हणाली, देव वर आहे, तर मी काय करू?" पुन्हा हशा. "आज आपल्या कॉयरमधल्या मुली वरचा सूर लावतात ना, ती पायवाट अशा बायकांनी पाडलीय. नाव न लावता."

मग त्यांनी आवाज उतरवला. मठाच्या दाराशी एक बाई येऊन मेली. शहरानं तिला वाळीत टाकलं होतं, चर्चनं बाहेर काढलं होतं. तिला पुरायला कुणी जमीन देईना. मठमातेनं तिला मठाच्या मातीत पुरलं. वरून हुकूम आला, प्रेत उकरा आणि बाहेर टाका. मातेनं काठी घेतली आणि स्वतः फिरून सगळी माती सारखी केली, कबर कुठली ते कळू नये म्हणून. मग दुसरा हुकूम आला. प्रेत राहू द्या. पण आजपासून या मठात गाणं बंद.

चर्चमध्ये कुणी हलत नव्हतं.

"ज्यांचं खाणं गाणं, पिणं गाणं, त्यांना सांगितलं, बंद! शेवटच्या संध्याकाळी त्या सगळ्या जाळीमागं उभ्या राहिल्या आणि देवाला विचारू लागल्या…"

आलोशियसकाकांनी पेटीवर सूर धरला. आग्नेलचा हात सरकला.

*दार मिटले, दीप मिटले,* एलिसानं उचललं.

आवाज गेला. वेदीपाशी उतरला. टीचरचे ओठ हलले. पुढच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. आईची मान एका बाजूला कलली होती. ती ऐकत होती, सगळं विसरून ऐकत होती, आणि तिचे डोळे टीचरवर होते. हातात अजून दाणे होते.

*दार मिटले, दीप मिटले, मिटली आमुची…*

एलिसा थांबली.

पुढं फक्त 'वाणी' होतं. चालीतला सगळ्यात वरचा सूर. तिनं तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवले.

आलोशियसकाकांनी जागा भरली, पुन्हा त्याच वळणावर येऊन वाट बघितली. जॅक्सनचा ठेका अडखळला आणि बंद पडला. पेटीही थांबली. पायरीवर टीचर उघड्या तोंडानं उभ्या होत्या. त्यांचा डावा हात छातीशी होता. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

आता कळेल, एलिसाच्या मनात आलं. तिनं जाळीत बोटं रुतवली. आता सगळ्यांना कळेल.

आग्नेलनं घाईनं मिक्सरवर टीचरचा माईक वर करायला हात नेला. टीचरनी त्याच्याकडं न बघता तळवा उभा केला. नको.

त्यांनी साडीला लावलेला माईक काढला, पायरीवर ठेवला आणि त्या खाली उतरल्या, लोकांच्या मध्ये. कन्फेशन बॉक्सकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"वाणी," त्या म्हणाल्या.

आवाज फाटका होता. दुसऱ्या बाकापलीकडं पोचलाही नसेल. मागचे लोक पुढं वाकले.

"गायला बंदी होती," त्या कुजबुजल्या. "कुजबुजायला नव्हती. दारं लावून, खालच्या आवाजात म्हणा, एवढी परवानगी होती. आणि ज्या बायका माडाएवढ्या चढायच्या, त्या भिंतीला तोंड लावून अशा… अशा म्हणू लागल्या."

*तुझ्या कानी कशी पोचतिल, देवा, आमुची गाणी.*

त्या गात होत्या की बोलत होत्या, ते सांगता येत नव्हतं. वर जाताना आवाज चिरकला. गेल्या वर्षी जिथं माना खाली गेल्या होत्या, तिथंच आज लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. फादर निकोलसनी चष्मा काढला. टीचर बाकांमधून चालत होत्या, एकेकाच्या खांद्याला हात लावत होत्या. "म्हणा," त्या सांगत होत्या. "हळू. बाहेर ऐकू जायला नको."

आणि सगळं चर्च कुजबुजू लागलं. *दार मिटले, दीप मिटले.* म्हाताऱ्या, बापये, आत्या, तिच्या सुना. वाळलेल्या केळीच्या पानांतून वारा जावा तसा तो आवाज भिंतीभिंतीनं फिरला. आई रडत होती आणि म्हणत होती. गप्प होती ती फक्त जाळीमागची एकटी.

*

कीर्तन संपल्यावर लोक रांगेनं टीचरना भेटले. कुणी हात डोळ्यांना लावले, कुणी नुसतेच समोर उभे राहून रडले. फादर निकोलस दोनदा येऊन गेले. पलीकडच्या गावाहून आलेले एक फादर त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते. आग्नेलनं माईक खाली केले. मग मंडपातल्या चहाची वर्दी आली आणि चर्च हळूहळू रिकामं झालं.

जाळीबाहेर साडीची सळसळ झाली. टीचर गुडघे टेकण्याच्या फळीवर टेकल्या. त्यांना धाप लागली होती. हारातल्या झेंडूचा वास आत आला.

एलिसानं पाठ ताठ केली. "मी मुद्दाम थांबले," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तुम्हाला सगळ्यांसमोर…"

"तेही ठाऊक आहे. मी काय आज पहिल्यांदा उभी राहतेय?" टीचरनी पदरानं गळा पुसला. त्यांचा आवाज आता जेमतेम निघत होता. तरीही त्यात रोजच्या तालमीतला तोच कोरडेपणा होता. "पलीकडचे फादर भेटले. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं सण आहे. तिथं हेच आख्यान पाहिजे म्हणाले."

टीचरनी जाळीला तोंड लावलं.

"तिथंही तिथंच थांब. 'आमुची' म्हटल्यावर. आधी नको. लोकांना आवाजाची चटक लागू दे, मग थांब. आणि श्वास आत ओढून थांबलीस ते ऐकू आलं मला. पुढच्या वेळी माईकपासून तोंड बाजूला घे."

"टीचर, पुढच्या वर्षी…"

"आता तुला पुढचं वर्ष कशाला पाहिजे? आज झालं तसं कीर्तन मी उभ्या जन्मात केलं नव्हतं." त्या जाळीला धरून उठू लागल्या. "कुणी केलं ते, विचार. तू केलंस."

तेवढ्यात चप्पल वाजली.

"टीचर!" आईचा आवाज. "तुम्हाला शोधतेय कधीची. हात द्या तुमचा." ओठ टेकल्याचा आवाज झाला. "आमची एलिसा दिसली नाही हो कुठं?"

"घरी पाठवली," टीचर म्हणाल्या. "घसा बसला होता तिचा."

"बघा, आणि ही पोरगी उभी राहायला निघाली होती! तुम्ही सांभाळून घेतलंत. रागावू नका तिच्यावर. शिकेल ती."

"शिकतेय," टीचर म्हणाल्या. "चल, चहा घेऊ."

दोघी गेल्या. आईनं जाता जाता टीचरच्या गळ्यातला हार उतरवून आपल्या हातात घेतला, त्यांना भार होऊ नये म्हणून.

आग्नेलनं ॲम्प्लिफायर बंद केला. स्पीकरमधली खरखर थांबली. बाहेर मंडपात कुणीतरी मोठ्यानं हसलं, कपबशा वाजल्या. एलिसानं कडीवर हात ठेवला, पण काढली नाही. आता माईक बंद होता, चर्चमध्ये कुणी नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं. तिला वाटलं, एकदा ते पद पूर्ण म्हणून बघावं. आपल्यापुरतं. तो वरचा सूर लावून.

तिनं हलकेच उचललं. *दार मिटले, दीप मिटले, मिटली आमुची…*

आणि तोंड बाजूला घेऊन थांबली.